मुक्या इंजिनाचे दुखणे

कोल्हापूरच्या पश्चिमेकडील खेड्यापाड्यांत गुराढोरांवर औषधोपचार करण्यात एका पशुवैद्याची सारी हयात गेली. पावसाळ्याचा चिखल असो की उन्हाळ्याचा फुफाटा असो, निरोप आला की ते औषधांची पेटी मागे बांधीत आणि आपल्या मोटारसायकलीवर बसून निघत. त्या गाडीचा आवाज दुरून ऐकू आला की, "गुरांचे डॉक्टर आले!" असे ओरडत मुले वेशीकडे धाव घेत. ही गाडी त्यांनी १९६८ साली घेतली होती. १९९४ साली डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर गाडीही परसातल्या छपराखाली विसावली.

गाडी 'जावा' या नावाची होती. हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकिया देशातील. फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या नमुन्यावरून प्राग येथे मोटारसायकली बांधण्यास आरंभ केला, आणि आपल्या व त्या कंपनीच्या नावांची आद्याक्षरे जोडून गाडीचे नाव ठेवले. १९६१ सालापासून या गाड्या म्हैसूर येथे तयार होऊ लागल्या. पुढे त्यांना 'येझदी' असे दुसरे नाव मिळाले आणि १९९६ साली म्हैसूरचा तो कारखाना बंद पडला. साहजिकच जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत गेले.

२००५ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरांच्या नातवाने हट्ट धरला की, आजोबांची गाडी पुन्हा चालू करावयाची. आजोबा आता सत्तरीच्या घरात आले होते. पण गाडीवरची धूळ झटकताना त्यांचेही मन हलले. "पन्हाळ्याचा घाट आणखी एकदा या गाडीवरून चढावा, एवढी इच्छा आहे खरी," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी गाडी एका टेम्पोत घालून शिवाजी उद्यमनगरात आणण्यात आली. छोट्यामोठ्या यंत्रशाळांनी गजबजलेल्या या भागात डॉक्टरांच्या ओळखीचे एक वृद्ध मेस्त्री होते. त्यांची म्हैस डॉक्टरांनी एकदा मरणाच्या दारातून परत आणली होती.

मेस्त्रींनी मुलाला हाताखाली घेतले, परंतु एका अटीवर. ते म्हणाले, "बाळ, कोणताही भाग काढलास तर तो कोठून व कसा काढला, ते वहीत लिहायचे. बसवलास तर कसा बसवला, तेही लिहायचे. जे हाताने केले ते वहीत आलेच पाहिजे."

मुलाने मान डोलावली. इंजिन खोलण्यास प्रारंभ झाला. अकरा वर्षे निजलेल्या त्या इंजिनाचा पिस्टन गंजून सिलिंडरला घट्ट चिकटला होता. तीन दिवस तेल सोडल्यावर आणि लाकडाच्या ठोकळ्याने हलके हलके ठोकल्यावर तो सुटला. सिलिंडरची आतली भिंत खरबरीत झाली होती. म्हणून ती कातून थोडी मोठी करून घेतली आणि तिच्या मापाचा नवा पिस्टन व नव्या रिंगा आणल्या. बेअरिंगे बदलली. ऑइल सील मात्र कोल्हापुरात कोठेच मिळेनात. अखेर पुण्याहून दोन सील मागविण्यात आली.

खोललेले इंजिन पाटावर मांडून मेस्त्रींनी मुलाला त्याची रचना समजावून दिली. "लोहाराचा भाता पाहिला आहेस ना? भाता फुगला की हवा आत येते, दाबला की नळीवाटे बाहेर पडते. हे इंजिन तसेच आहे. पिस्टन वर गेला की खालच्या पेटीत पोकळी होते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण तिच्यात ओढले जाते. पिस्टन खाली आला की ते मिश्रण दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी पिस्टनच्या डोक्यावर जाते. तेथे ते पुन्हा दाबले जाते, प्लगची ठिणगी पडते आणि भडका होऊन पिस्टन खाली ढकलला जातो. म्हणजे एकाच पिस्टनने वर भट्टी पेटते आणि खाली भाता चालतो."

"आणि हे सील कशासाठी, मेस्त्रीकाका?"

"फिरणाऱ्या दांड्याची दोन्ही टोके या पेटीतून बाहेर येतात. तेथून हवा आत शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना सील. रबराचे एवढेसे कडे, पण भात्याचे तोंड तेच बांधते."

दुसऱ्या दिवशी मेस्त्री जेवावयास घरी गेले असताना मुलाने डायनॅमोच्या बाजूचे सील स्वतःच बसविण्याचे ठरविले. दांड्याच्या टोकाची कड धारदार होती. सील त्यावरून सरकविताना त्याच्या पातळ ओठाला बारीकशी चीर पडली. मुलाच्या छातीत धस्स झाले. सील तर पुण्याहून आणलेले, आणि दुसरे शिल्लक नव्हते. चीर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी होती. 'एवढ्याने काय होणार?' असे मनाशी म्हणत त्याने सील आत दाबले आणि वहीत एवढेच लिहिले : 'डायनॅमोच्या बाजूचे सील बसविले.'

चार दिवसांनी इंजिन जोडून पूर्ण झाले. पेट्रोलात विसाव्या हिश्शाने तेल मिसळून टाकीत भरले. कारण या इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलाबरोबर येणाऱ्या तेलाचेच. या गाडीची एक गंमत अशी की, डाव्या पायाजवळचा जो दांडा गिअर बदलण्यासाठी असतो, तोच आत दाबून वर फिरविला की किक मारता येते. मुलाने किक मारली. एकदा, दोनदा, दहा वेळा मारली. इंजिन ढिम्म हलेना!

"काय बिघडले असेल?" मुलगा रडवेला होऊन म्हणाला.

"असेल-बिसेल नको," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "इंजिनालाच विचारू. त्याला तीनच गोष्टी लागतात : पुरेसा दाब, वेळेवर ठिणगी आणि पेट्रोल-हवेचे योग्य मिश्रण. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा विचारायचा नाही."

प्रथम दाब. प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरला आणि किक फिरविली. अंगठा जोराने मागे लोटला गेला. दाब चांगला होता. मग ठिणगी. वायर जोडलेला प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली. ठिणगी पडली, पण ती मरतुकडी, पिवळसर होती. पॉइंट उघडून पाहिले तेव्हा नव्या पॉइंटांवर तेलाचा पातळ थर असल्याचे दिसले. स्वच्छ कागदाचा तुकडा पॉइंटांमधून ओढून तो पुसून काढताच ठिणगी निळी व कडकडीत पडू लागली.

तरीही इंजिन चालू झाले नाही. आता तिसरा प्रश्न. इतक्या किका मारूनही प्लग कोरडाच होता. म्हणजे पेट्रोल पोहोचत नव्हते. कार्बोरेटर उघडला. अकरा वर्षांपूर्वीचे पेट्रोल सुकून त्याचा डिंकासारखा थर झाला होता आणि जेटचे बारीक भोक त्याने बुजले होते. मुलगा तार घेऊन पुढे झाला, तेव्हा मेस्त्रींनी त्याचा हात धरला. "तार घातलीस तर भोक मोठे होईल. जेट पेट्रोलात भिजू दे. मग फुंकून काढू."

तासाभराने जेट साफ झाला. पुन्हा किक मारली. फट्... फट्... आणि एकाएकी निळ्या धुराचा लोट सोडीत इंजिन गर्जू लागले! आजूबाजूच्या दुकानांतील कामगार डोकावून पाहू लागले. मुलाने आनंदाने उडीच मारली.

परंतु तो आनंद फार वेळ टिकला नाही. इंजिन एका चालीने चालेना. वेग कमी केला तरी ते आपल्या आपण भणभणे, मग अचानक मंदावून बंद पडे. पाच मिनिटांत सिलिंडर नको तितका तापला. इंजिन बंद करून निवू दिले आणि प्लग काढून पाहिला. त्याचे टोक चुन्यासारखे पांढरे पडले होते.

"पांढरा प्लग काय सांगतो?" मेस्त्रींनी विचारले.

"हवा जास्त, पेट्रोल कमी," मुलगा म्हणाला.

"बरोबर. आता ही जादा हवा येते कोठून, ते शोधायचे."

त्याच वेळी गिऱ्हाईक आले म्हणून मेस्त्री बाहेर गेले. मुलाला धीर धरवेना. त्याने भराभर कार्बोरेटरचा स्क्रू फिरविला, मोठ्या भोकाचा जेट घातला आणि पॉइंटांमधील अंतरही बदलले. मेस्त्री परत आले तेव्हा इंजिन आधीपेक्षाही वाईट चालत होते. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "तू तीन गोष्टी एकदम बदलल्यास. आता इंजिनाने 'बरे वाटले' म्हटले तरी कशाने वाटले ते कळणार नाही, आणि 'जास्त दुखते' म्हटले तरी कशाने ते कळणार नाही. तिन्ही होती तशी कर." वहीत जुनी मापे लिहिलेली होती, म्हणूनच ते शक्य झाले.

सर्व पूर्ववत झाल्यावर मेस्त्रींनी इंजिन चालू करून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट आडवा धरला. हवा कमी झाली तसे इंजिन नीट चालू लागले. हात काढताच ते पुन्हा भणभणू लागले. "कार्बोरेटर चांगला आहे. हवा त्याला चुकवून कोठून तरी आत शिरते आहे. कोठे तरी भाता फाटला आहे. उद्या सकाळी पाहू."

मुलाने काही न बोलता वही मिटली.

त्या रात्री अंगणात बाजेवर बसून आजोबांनी दिवसभराची हकिकत विचारली. नातवाने इंजिनाने दिलेली उत्तरे सांगितली, पण सीलबद्दल अवाक्षर काढले नाही. आजोबा हसले. "तुझे मेस्त्री आणि मी एकाच धंद्यातले. दोघांचेही रोगी मुके. पण मुका रोगी कधी खोटे बोलत नाही बरे. नाडी, डोळे, श्वास, सगळे खरे सांगतात. माझी फसगत केली ती माणसांनी."

थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "एकदा एका गावी बैल तडफडत होता. मी विचारले, 'काय खाल्ले?' धन्याचा मुलगा म्हणाला, 'रोजचाच कडबा.' त्याने बैल शेजाऱ्याच्या कोवळ्या ज्वारीत सोडला होता आणि मार बसेल म्हणून तो बोलला नाही. कोवळ्या ज्वारीत विष असते. त्यावरचे औषध माझ्या पेटीत होते. मी मात्र दुसऱ्याच दुखण्याचा माग काढीत बसलो. मुलाने खरे सांगितले तोवर उशीर झाला होता. औषध पेटीतच राहिले."

"मग त्या मुलाला तुम्ही रागावलात का, आजोबा?"

"नाही रे. तो बैलाच्या गळ्यात पडून रडत होता. त्याला आणखी काय रागवायचे?"

मुलाला बराच वेळ झोप लागली नाही. पन्हाळ्याचा घाट त्याच्या डोळ्यांपुढे येत होता. हवा जास्त झाली की इंजिन भलतेच तापते, पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो, आणि मग मागचे चाक एकाएकी अडकते, असे मेस्त्रींनी त्याला सांगितले होते. घाटाच्या वळणावर तसे झाले तर? आणि गाडीवर कोण असणार होते?

सकाळी मेस्त्री परीक्षेची तयारी करून बसले होते. डायनॅमो उतरविलेला होता. कार्बोरेटर काढून त्या वाटेत आणि धूर बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटांत रबराचे तुकडे घट्ट दाबले होते. प्लगच्या भोकात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसविलेले बूच होते. शेजारी सायकलचा पंप आणि साबणाच्या फेसाची वाटी होती.

"सायकलचे पंक्चर जसे पाण्यात बुडवून शोधतात, तसेच हे," मेस्त्री म्हणाले. "पिस्टन खाली आणला आहे, म्हणजे वरची व खालची जागा एक झाली. आता बेताने हवा भरायची आणि एकेका सांध्याला फेस लावायचा. बोल, सुरुवात कोठून करू?"

मुलाच्या तोंडाला कोरड पडली. क्षणभर त्याने खाली पाहिले. मग तो म्हणाला, "डायनॅमोच्या बाजूने, मेस्त्रीकाका."

"तेथूनच का?"

"ते सील मी बसविले. बसविताना त्याला चीर पडली. मला ती दिसली होती. वहीत मी लिहिले नाही."

मेस्त्री काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी फेसाची वाटी त्याच्या हाती दिली. "लाव फेस. तुझे म्हणणे आणि इंजिनाचे म्हणणे जुळते का, ते पाहू."

मुलाने दांड्याभोवती फेस लावला. मेस्त्रींनी पंप हळूच दाबला. दांड्याच्या कडेला एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्यामागून दुसरा आला. जेथे चीर होती तेथेच.

"आता सील काढू ना?" मुलाने विचारले.

"थांब. एक दोष सापडला म्हणजे दुसरा नसतोच, असे नाही. सगळे सांधे पाहायचे." मुलाने एकेक सांधा तपासला. कार्बोरेटरची बैठक ठीक होती. पेटीचा मधला सांधा ठीक होता. सिलिंडरच्या बुडाशी मात्र एका कोपऱ्यात मोहरीएवढे बुडबुडे उमटले. ते चारही नट मेस्त्रींनी स्वतः आवळले होते. त्यांनी चष्मा वर सरकवून नीट पाहिले आणि ते मोकळेपणाने हसले. "ही माझी चूक! नट सारखे आवळले गेले नाहीत. लिहून ठेव वहीत : 'सील, मुलाची चूक. नट, मेस्त्रीची चूक.'"

मुलाने दोन्ही ओळी लिहिल्या. लिहिताना त्याच्या मनावरचे ओझे हलके झाले.

नवे सील येण्यास आठ दिवस लागले. या वेळी ते मेस्त्रींनी मुलालाच बसवावयास सांगितले. त्याने दांड्याच्या धारदार कडेवर गुळगुळीत कागद गुंडाळला, सीलच्या ओठाला ग्रीस लावले आणि सर्व बाजूंनी सारखा दाब देत सील जागेवर नेले. नट आडवे-तिडवे, समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. पुन्हा पंप, पुन्हा फेस. कोठेही बुडबुडा आला नाही.

त्यानंतर तिसऱ्या किकेला इंजिन चालू झाले, आणि वेग कमी करताच एका चालीने, धीम्या तालात चालत राहिले. आजोबा दाराशी उभे होते. त्यांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला.

नव्या पिस्टनाला व सिलिंडरला एकमेकांची सवय व्हावी म्हणून आणखी काही दिवस गाडी सपाट रस्त्यावर हळूहळू चालविली. मग एके दिवशी पहाटे आजोबा पुढे व नातू मागे असे दोघे पन्हाळ्याला निघाले. घाटाची वळणे एकामागून एक सरली. वर पोहोचल्यावर आजोबांनी गाडी झाडाखाली उभी केली, इंजिन निवू दिले आणि ते म्हणाले, "बाळ, प्लग काढ. रोगी काय म्हणतो ते पाहू."

मुलाने पान्याने प्लग काढून फडक्यात धरला. आजोबांनी तो उन्हाकडे करून, पूर्वी गाईच्या डोळ्यांत पाहत तसा निरखून पाहिला. त्याचा रंग पांढरा नव्हता, काळा नव्हता. दुधाच्या चहासारखा तपकिरी होता.

"बरा आहे," आजोबा म्हणाले, आणि प्लग त्यांनी नातवाच्या हाती परत दिला.

स्वाध्याय

१. मेस्त्रींनी मुलाला हाताखाली घेताना कोणती अट घातली? त्या अटीचा पुढे कोणकोणत्या प्रसंगी उपयोग झाला?
२. इंजिनाच्या खालच्या पेटीला मेस्त्रींनी भात्याची उपमा का दिली, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. कारणे द्या :
(अ) जेट साफ करताना मेस्त्रींनी मुलाला तार वापरू दिली नाही.
(आ) मुलाने दोष कबूल केल्यावरही मेस्त्रींनी सर्व सांधे तपासले.
(इ) मुलाला रात्री झोप लागली नाही.
४. 'तुझे मेस्त्री आणि मी एकाच धंद्यातले,' असे आजोबा का म्हणाले?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : छातीत धस्स होणे, अवाक्षर न काढणे, तोंडाला कोरड पडणे, माग काढणे.
६. तुमच्या घरातील एखादी बिघडलेली साधी वस्तू मोठ्यांच्या मदतीने तपासा. कोणता प्रश्न आधी विचारला व कोणते उत्तर मिळाले, ते क्रमाने वहीत लिहा.